गड्ड्याचं वय

रोपवाटिकेत येणारं गिऱ्हाईक आधी किंमत विचारत नाही. आधी विचारतं, "हे किती वर्षांचं?"

गुलाबाच्या रोपाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. आंब्याच्या कलमाला विचारतात, पण ते फळ कधी धरेल यासाठी. माझ्या झाडांना वय विचारतात ते वयासाठीच. जेवढं म्हातारं दिसेल तेवढं महाग. या प्रश्नापायी माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिली लवकर कळली आणि तिची दुरुस्तीही झाली. दुसरीचा हिशेब अजून मिटलेला नाही.

माझं गाव माण तालुक्यात. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस मोकळा झाला की उरलेसुरले शिंतोडे आमच्या वाट्याला येतात. त्या शिंतोड्यांवर बाजरी, मटकी, हुलगा आणि मेंढरं. मधे काही वर्षं डाळिंबानं आम्हाला माणसांत आणलं होतं. मीही चारशे झाडं लावली. मग तेल्या आला. फळावर तेलकट काळे डाग पडायचे आणि काढणीच्या तोंडावर फळ उकलून जायचं. तीन वर्षं फवारण्या केल्या आणि चौथ्या वर्षी जेसीबी लावून बाग काढली. ज्या दिवशी बाग काढली त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

त्या काळात पुण्याला एका फुलांच्या प्रदर्शनात अडेनियम पाहिलं. वर बोटाएवढ्या फांद्या, गुलाबी फुलं आणि खाली हा एवढा गरगरीत गड्डा, अर्धा मातीबाहेर. विकणारा म्हणाला, महिनाभर पाणी नसलं तरी मरत नाही. एवढं एक वाक्य मला पुरलं. दोनशे बिया घेऊन आलो. पहिल्या वर्षाची रोपं पाहून आई म्हणाली, "ह्ये तर गरवार बाईवानी दिसतंय." पुढं ती त्याला ढेरपोट्या म्हणायला लागली आणि आमच्या घरात तेच नाव पडलं.

हे झाड मूळचं आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं. एडनच्या नावावरून त्याचं नाव पडलं. तिकडच्या रखरखीत डोंगरांवर ते खडकाच्या फटीत उभं राहतं. पाऊस येईल तेव्हा पोटात पाणी भरून घेतं आणि नसेल तेव्हा पानं टाकून गप्प बसतं. आपल्याकडे धान्याचं पेव असायचं तसं त्याचं हे पेव. फरक एवढाच, की आपलं पेव जमिनीखाली असतं आणि याचं उघड्यावर. म्हणून राखण पाहिजे, आणि ती राखण त्याच्या चिकात आहे. आफ्रिकेत काही जमाती याचा चीक बाणांच्या टोकाला लावत. हे रुईचं आणि कण्हेरीचं भावंड आहे म्हटल्यावर आमच्याकडच्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही. आमची शेळी बाभळीचे काटे खाते, पण याला तोंड लावत नाही.

बी धरायचं म्हणजे शेंगांवर डोळा ठेवावा लागतो. बैलाच्या शिंगांसारखी शेंगांची जोडी येते. पिकली की उकलते, आणि प्रत्येक बीला दोन्ही टोकांना केसांचे झुपके असल्यानं वाऱ्यावर सगळा माल उधळून जातो. आई दुपारी बसून शेंगांना रिळाचा दोरा गुंडाळायची. ताजं बी जाड वाळूवर पेरलं की आठवड्यात वर येतं. फांदी लावूनही झाड होतं, पण त्याला असा गड्डा सहसा धरत नाही. गड्डा हवा तर बीच पाहिजे. मग दरवर्षी कुंडी बदलताना झाड इंचभर वर उचलायचं, खालची मुळं छाटायची, चार-सहा दिवस सावलीत पडू द्यायचं म्हणजे जखम वाळते, आणि पुन्हा मुरूम-वाळूत बसवायचं. बुडाखाली फरशीचा तुकडा ठेवला की मुळं खाली न जाता आडवी पसरतात. असं सात-आठ वर्षं केलं की झाडाला गुडघे येतात, कोपरं येतात, मुळं अजगरासारखी एकमेकांवर चढतात. आठ वर्षांचं झाड तीस वर्षांचं दिसायला लागतं.

पहिली चूक इथलीच. पुण्याहून एक साहेब आले होते. आठ वर्षांच्या झाडापुढं उभं राहून त्यांनी तो प्रश्न विचारला आणि मी म्हणालो, "पंचवीस असंल." का म्हणालो? त्यांच्या चेहऱ्यावर तेच उत्तर आधीच लिहिलेलं होतं. त्यांनी खुशीत पैसे मोजले, गाडीत गादी अंथरून झाड झोपवलं. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा हयात होते. ते बाजेवर बसून सगळं ऐकत होते. आबांचं आयुष्य खिलार जनावरांत गेलेलं. म्हसवडच्या जत्रेत रुमालाखाली बोटं धरून सौदे केलेला माणूस. गाडी गेल्यावर म्हणाले, "दलाल बैलाच्या दातावर कानस मारून वय चोरत्यात. तू झाडाला वय चढवून इकलंस. धंदा त्योच."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. पण बैलाचा दात बघून आदत, दुसा, चौसा सांगणाऱ्या माणसाच्या घरात मी ते खोटं बोललो होतो. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक कुंडीत पत्र्याची पट्टी खोचली. पट्टीवर पेरणीचं साल. सुरुवातीला विक्री पडली. "एवढं जुनं दिसतंय आणि फक्त नऊ वर्षं?" असं म्हणून एक बाई जवळजवळ रागावल्याच. पण हळूहळू पट्टीलाच किंमत आली. लोक लांबून यायला लागले. साताऱ्या-पुण्याकडच्या फार्महाउसवाल्यांनी खडी घालून कोरड्या बागा केल्या, त्यांना माझी झाडं लागली. हिरवळीला टँकरनं पाणी घालण्यापेक्षा ते बरंच म्हणायचं.

मुळं उचलून, छाटून झाडाला म्हातारपण आणणं ही फसवणूक आहे का, असं मला एका शिक्षक मित्रानं विचारलं होतं. साल लिहिलेलं असेल तर नाही, असं माझं उत्तर होतं आणि अजूनही आहे. ते कसब आहे. नाटकातल्या म्हाताऱ्याला कुणी लबाड म्हणत नाही.

पण पट्टीमुळं एक वेगळंच गिऱ्हाईक माझ्याकडे यायला लागलं. खरं वय शोधणारं. कसबानं आणलेलं म्हातारपण त्यांना नको होतं. त्यांना हवी होती उन्हानं, दगडानं, उपासमारीनं आलेली सुरकुती. असेच एक डॉक्टर होते. मोठे अभ्यासू. आमच्याकडे न मिळणाऱ्या जाती त्यांच्या गच्चीवर होत्या. दक्षिण आफ्रिकेतलं हत्तीच्या पायासारखं दिसणारं एक कंदाचं झाड त्यांनी मोबाइलवर दाखवलं आणि म्हणाले, "हे आपल्या कडू करांद्याच्या गोतातलं." त्यांच्याकडूनच मी पुष्कळ शिकलो. 2012 च्या श्रावणात ते आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "तुमच्या या डोंगरावर खरचुडी असणार. जुने गड्डे मिळतील का? दगडाच्या कपारीत वाढलेले. चपटे, वेडेवाकडे. एका गड्ड्याला तीनशे देईन."

इथं खरचुडीबद्दल सांगायला हवं. शहरात तिला कंदीलपुष्प म्हणतात, कारण फूल खरंच उभ्या कंदिलासारखं असतं. नाजूक वेल, बोराटीच्या काट्यात शिरून वर चढणारा, म्हणून शेळ्यांपासून वाचणारा. फुलाच्या नळीत आतून केस असतात, खाली वळलेले. बारकी माशी आत जाते, पण बाहेर येता येत नाही. फूल थोडं जुनं झालं, केस वाळले की तिची सुटका होते, आणि जाताना ती पराग घेऊन जाते. हिच्या कितीतरी जाती आपल्या सह्याद्रीशिवाय जगात कुठं नाहीत. आमच्याकडची मात्र कोरड्या मुलखातली, पसरलेली जात. एका वेलाखाली एकच गड्डा, लहान भाकरीच्या गोळ्याएवढा. हीही रुईच्याच गोतातली, पण हिच्या गड्ड्यात विष नाही. तो खाता येतो. कच्चा खाल्ला तर काकडीसारखा कुरकुरीत, पाणीदार, मागून जराशी कडवट चव. मेंढराच्या मागं हिंडणाऱ्या प्रत्येक पोरानं तो खाल्लेला असतो. मीही खाल्लाय.

आईचा नियम होता, दसऱ्याच्या आत खणायचं नाही. दसऱ्यापर्यंत शेंगा फुटून बी उडालेलं असायचं. हे ती कुठं शिकली ठाऊक नाही, तिच्या सासूनं सांगितलं असेल. हे मी एकदा एका शाळेत भाषणात सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. "आपले पूर्वज निसर्ग कसा राखत होते" वगैरे. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आन बहात्तर साली काय केलं त्ये सांगितलंस का?"

बहात्तर साली मी आठ वर्षांचा होतो. मला खडी फोडायच्या कामावरची रांग आठवते, लाल मिलोची भाकरी आठवते, सुकडी आठवते. गड्ड्यांचं मला फार आठवत नाही. आईला सगळं आठवतं. त्या वर्षी पाऊसच नव्हता म्हणून वेल उगवलेच नव्हते. उघडा डोंगर. पण आधीच्या वर्षांत कुठं कुठं वेल पाहिले होते ते तिच्या आणि आजीच्या डोक्यात होतं. त्या दोघी पहाटे पहार घेऊन जायच्या आणि वर काही खूण नसताना नेमक्या जागी खणायच्या. "कसला दसरा आन कसलं काय," आई म्हणाली. "हुतं नव्हतं त्येवढं काढलं. ल्हान बी सोडलं न्हाई. लेकरं रडत हुती." पुढची आठ-दहा वर्षं डोंगराच्या त्या अंगाला खरचुडी दिसली नाही. मग दगडांत राहिलेल्या एखाद-दुसऱ्या वेलापासून ती सावकाश परत आली.

हे सगळं ठाऊक असलेला मी डॉक्टरांना "बघतो" म्हणालो.

2012 सालही आमच्याकडे बहात्तरच्याच वळणावर होतं. जूनमध्ये एक सर आली, तिच्यावर वेल उगवले, आणि पाऊस गेला तो गेलाच. पुढं जनावरांसाठी चारा छावण्या निघाल्या. मी वाडीवरच्या एका पोराला निरोप दिला. वीस-बावीस वर्षांचा, चाळीस मेंढरं होती त्याची. छावणीत मोठी जनावरं घेत होते, मेंढरं नाही. त्याला कडब्याला पैसे हवे होते. मी त्याला गड्ड्याला दीडशे सांगितले. निम्मे माझे. गिऱ्हाईक माझं होतं, ओळख माझी होती, असा त्यामागचा हिशेब. तो हिशेब मला तेव्हा अगदी रास्त वाटला.

तीन दिवसांत त्यानं एकसष्ट गड्डे आणले. बारदानात भरून, वर ओला पाला टाकून. डॉक्टर रविवारी आले, ओट्यावर गोणपाट अंथरून त्यांनी एकेक गड्डा हातात घेतला, ब्रशनं माती झाडली, उन्हात धरून पाहिला. चोवीस निवडले. बाकीच्यांना टिकावाचा घाव लागला होता, नाहीतर त्यांचा आकार साधा होता. सात हजार दोनशे रुपये दिले. पोराला छत्तीसशे मिळाले. एकसष्ट आणले होते त्यानं. मनात त्यानं नऊ हजारांचा हिशेब केलेला असणार. तो काही बोलला नाही, पैसे टोपीत ठेवून गेला. मीही काही बोललो नाही.

उरलेले सदतीस गड्डे ओट्यावरच होते. संध्याकाळी आई देवळातून आली. तिनं बारदान बघितलं, वाकून एक गड्डा उचलला, नखानं साल खरवडून वास घेतला. मला वाटलं, आता रागावेल. तिनं विचारलं, "कुणी खाल्लं का ह्यातलं?"

मी म्हणालो, "न्हाई."

"मग काढलं कशाला?"

मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग घाव लागलेले चौदा गड्डे तिनं पदरात घेतले, धुतले, मीठ घालून उकडले आणि रात्री सगळ्यांच्या ताटात वाढले. माझ्या पोरांना चव आवडली नाही. आई म्हणाली, "खावा. खणलंय आता." मी माझ्या वाटचे खाल्ले. उकडल्यावर ते बटाट्यासारखे पिठूळ होतात. त्या घासाची चव वाईट नव्हती, पण गिळताना मला जो त्रास झाला तो चवीचा नव्हता.

तेवीस गड्डे मी कुंड्यांत लावले. ढेरपोट्यांना देतो तसं पाणी दिलं. त्यातले सतरा कुजले. सहा जगले.

आता प्रश्न असा. बहात्तर साली आईनं डोंगर रिकामा केला आणि 2012 साली मीही केला. डोंगराच्या बाजूनं पाहिलं तर दोन्ही सारखंच. वेलाला, तुला कुणी कशासाठी खणलं, हे ठाऊक नसतं. मग आईच्या खणण्याबद्दल मला काही वाटत नाही आणि माझ्या खणण्याबद्दल अजून झोप उडते, ते का? सरळ उत्तर असं, की आईला भूक होती आणि डॉक्टरांना हौस होती. बरेच दिवस मी याच उत्तरावर निभावून नेलं. पण ते पुरत नाही. कारण डोंगरावर टिकाव मारणारा हात डॉक्टरांचा नव्हता. तो त्या पोराचा होता, आणि त्याला भूकच होती, त्याच्या मेंढरांची. त्याच्या बाजूनं 2012 म्हणजे बहात्तरच. म्हणजे खणणाऱ्याला भूक होती, घेणाऱ्याला हौस होती. मला काय होतं? माझ्याकडे तेव्हा भूक नव्हती, डाळिंबाचं कर्ज फिटलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर खरचुडीची हौसही नव्हती. मला फक्त दर ठाऊक होता.

डॉक्टरांना खलनायक करून मोकळं व्हावं असंही मला वाटलं होतं. वर्षभरानं त्यांच्या घरी गेलो तेव्हा तेही जमलं नाही. गच्चीवर चोवीसपैकी नऊ गड्डे जिवंत होते. बाकीचे गेल्याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. प्रत्येकाची तारखेसकट नोंद होती. एका उथळ कुंडीत त्यांनी एक गड्डा अर्धा मातीबाहेर काढून बसवला होता, बाजूला काळे गोटे, वरून वेल तारेवर गोल वळवलेला. दिसायला फार सुंदर होतं. पण खरचुडीचा गड्डा असा उघड्यावर कधी नसतो. तिचं पेव जमिनीखालीच असतं, कारण तिच्याकडे चिकाची राखण नाही. उघडा गड्डा पाहून मला परक्या घरात आईची ट्रंक उघडी दिसल्यासारखं झालं. डॉक्टर दात घासायच्या मऊ ब्रशनं त्याच्यावरची धूळ काढत होते. म्हणाले, "तुमच्या डोंगरावर शेळ्या आहेत, वणवे आहेत, पवनचक्क्यांचे रस्ते होतायत. तिथं राहिले असते तर संपले असते. माझ्याकडे निदान आहेत." त्यात तथ्य होतं. माथ्यावर पवनचक्क्यांसाठी रस्ता झाला तेव्हा जेसीबीनं किती वेल उखडले याची तर कुणी मोजणीही केली नाही, आणि त्या जेसीबीवर मी काही निबंध लिहिला नाही. तरीसुद्धा एकसष्ट काढून नऊ वाचवणं, याला वाचवणं म्हणताना माझी जीभ अडते.

नंतर वाचत गेलो तसं कळलं, की हे आमच्या डोंगरापुरतं नाही. मादागास्करमध्ये पॅकिपोडियम नावाची अशीच गरगरीत पोटाची झाडं आहेत. एकेक पोट भरायला कित्येक वर्षं लागतात. ती जपानपर्यंत जातात, डोंगरातून काढलेली, मुळं छाटलेली. नवी मुळं फुटायला महिने लागतात आणि बरीच झाडं त्याआधीच सुकतात. त्यांच्या व्यापारावर 1973 साली झालेल्या साइट्स कराराचं बंधन आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या नामाक्वालँड भागात नखाएवढी, खड्यांसारखी दिसणारी कोनोफायटम नावाची झाडं गेल्या काही वर्षांत पोलिसांनी हजारोंनी जप्त केली. तो भागही अवर्षणानं पिचलेला. खणणारे तिथलेच गरीब, पकडले जातात तेही बहुतेक तेच. वाचताना मला टोपीत पैसे ठेवून जाणारा आमचा पोरगा दिसला. तिथंही मधे कुणीतरी असणार, ज्याला दर ठाऊक आहे.

बीपासून वाढवून विकलं म्हणजे आपण सुटलो, असं आमच्या धंद्यातले लोक म्हणतात. मीही म्हणत होतो. माझ्या शेडनेटमधल्या प्रत्येक अडेनियमखाली साल लिहिलेलं आहे, एकही झाड कुठल्या डोंगरातून आलेलं नाही. पण डॉक्टरांना गड्ड्याचं वेड आधी कशानं लागलं? माझ्यासारख्याच कुणाच्या तरी बीपासून केलेल्या आठ वर्षांच्या झाडानं. ते बघून बघून डोळा तयार होतो, आणि मग त्याला खरं म्हातारपण हवंसं वाटतं. याचा अर्थ मी धंदा बंद करावा असा होतो का? मला तसं वाटत नाही. ज्यांना रोपवाटिकेतलं झाड पुरतं अशी माणसंही त्यातूनच तयार होतात, आणि ती जास्त आहेत. पण "आम्ही सुटलो" हे आता मी म्हणत नाही.

वाचलेल्या सहा गड्ड्यांना दुसऱ्या वर्षी फुलं आली. शेंगा फार थोड्या धरल्या. गोठ्याजवळ कुंड्या हलवल्या तेव्हा थोड्या जास्त धरल्या. बारक्या माशांचं काम असावं. त्यांना मी रिळाचा दोरा बांधला, बी धरलं, पेरलं. चार वर्षांत दीडशेच्या आसपास रोपं झाली. त्यांचे बारके गड्डे, सुपारीएवढे, मी मृगाच्या सरीनंतर डोंगरावर नेऊन बोराटीच्या बुडात लावले. काही लागले, काही उंदीर-सायाळांनी खाल्ले. खाल्ले त्याचं वाईट वाटलं नाही. कुठं लावले ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तो पोरगा आता टेम्पो चालवतो. मेंढरं विकली त्यानं. माझी झाडं पुण्याला तोच पोचवतो. मागच्या वर्षी शेडनेटच्या कोपऱ्यात खरचुडीच्या कुंड्या बघून म्हणाला, "आण्णा, ही बियाची हायत न्हवं? मग इकत का न्हाई? लोक इचारत्यात."

मी म्हणालो, "ही विकायची नाहीत."

"का? ढेरपोट्या इकताय. त्यो बी दुष्काळाचाच की."

मला लगेच उत्तर सुचलं नाही. मग म्हणालो, "ही विकली की कुणीतरी पुन्हा डोंगरावरची मागंल."

तो हसला. "त्ये आत्ता बी मागत्यात. मलाच फोन येत्यात की. तवा तुम्ही मधी हुता, आता सरळ येत्यात." आणि थोडं थांबून म्हणाला, "म्या न्हाई म्हणतो. पर तवाचं माझं सदतीस गड्डं तुमच्याकडं ऱ्हायल्यात."

सदतीस गुणिले दीडशे, पाच हजार पाचशे पन्नास. मी घरात जाऊन पैसे आणले. त्यानं घेतले नाहीत. म्हणाला, "आता कशाला? तवा पायजे हुतं." त्या उन्हाळ्यात त्याची अकरा मेंढरं मेली होती. ते मला ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं. टेम्पोत झाडं चढवून, दोऱ्या आवळून तो गेला. पैसे अजून देव्हाऱ्याच्या फळीवर आहेत.

आईला आता नीट दिसत नाही. ऐंशी झाली. पण बाजेवर बसून ती डोंगर सांगते. या पावसाळ्यात मी वही घेऊन तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, बहात्तर साली कुठून कुठून खणले ते सांग. तिनं बोटांवर मोजत सुरुवात केली. पांढऱ्या खडकाच्या उगवतीला दोन. म्हसोबाच्या दगडाखाली एक, मोठा. तरवडाच्या दोन झाडांमधी तीन, "त्यातलं एक तुझ्या आजीनं काढलं, एक म्या, तिसरं फुटलं." ओढ्याच्या वळणावर, जिथं आता रस्ता झालाय, तिथं पाच. असं एकोणतीस जागांपर्यंत आली आणि म्हणाली, बाकीचं उद्या.

वही घेऊन मी डोंगरावर गेलो. एकोणतीसपैकी सात जागा रस्त्यात गेल्या होत्या. नऊ जागी 2012 सालच्या खड्ड्यांच्या खुणा होत्या, अजून पुरत्या न भरलेल्या. पांढऱ्या खडकाच्या उगवतीला बोराटी वाढली होती. काटे बाजूला करून पाहिलं तर एक वेल होता, वीतभर, फूल न आलेला. मी लावलेला नव्हे. त्या बाजूला मी कधी लावलेच नव्हते. वहीत त्या जागेपुढं एक खूण केली आणि पुढं म्हसोबाच्या दगडाकडं गेलो.